निजलेल्या गोटूला पाणी

तुम्ही कुणाच्या दारात जाऊन उभे राहिलात, तर घरातलं माणूस तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारतं, सांगा बघू?

आता बहुतेक ठिकाणी "कोण पाहिजे?" असं विचारतात, तेही दार अर्धंच उघडून. पण पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आधी पाणी विचारायचे, मग नावगाव. नदीच्या वळणावर एक गाव होतं, ते तर त्यासाठीच ओळखलं जायचं. तिथे प्रत्येक ओसरीवर घासून लख्ख केलेला तांब्या आणि त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र असायचंच. वाटसरू येवो, कासार येवो, नंदीबैलवाला येवो, उंबऱ्याशी पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, "पाणी घेता ना?" आजूबाजूच्या गावांतले लोक थट्टेनं म्हणायचे, इथे चोर शिरला तरी त्याला आधी पाणी देतील आणि मगच ओरडतील.

त्या गावाची आणखी एक रीत होती. पाहुणा "नको" म्हणाला, तर ते खरं धरायचं नाही. पहिलं "नको" लाजेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसरं म्हणेपर्यंत फुलपात्र भरलेलंच असायचं. जेवणाचंही तसंच. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला, तर वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची. याला तिथे आग्रह म्हणायचे. कुणी गप्प बसलं, तर "लाजतंय बिचारं" म्हणून त्याला दुप्पट वाढायचे.

या गावात एक बाई आपल्या एकुलत्या एका मुलाबरोबर राहत होती. बाई मायाळू होती. आग्रहात तर तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

मुलाचं लग्न झालं आणि डोंगरापलीकडच्या रेताड मुलखातली मुलगी सून म्हणून घरात आली. त्या मुलखात पाऊस इतका कमी, की आभाळात ढग आला तर माणसं हातातलं काम टाकून बघायला अंगणात येत. सून बैलगाडीतून उतरली तेव्हा तिच्या मांडीवर एक मातीची कुंडी होती. कुंडीत वाळू आणि खडे, आणि त्यात बसलेला एक हिरवा गोळा. भोपळ्यासारख्या फाका असलेला, आणि अंगभर काटे.

शेजारी एक काकू राहायच्या. गावातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी सगळ्यात आधी त्याच करायच्या, म्हणून सगळे त्यांना चौकशीकाकूच म्हणत. त्या पुढे झाल्या.

"अगबाई! माहेराहून साळिंदराचं पिल्लू आणलंस की काय?"

"निवडुंग आहे, काकू," सून म्हणाली. "याचं नाव गोटू."

"झाडाचं नाव कसं पटकन सांगितलंस! आता नवऱ्याचं घे म्हटलं की बसशील पदर चावत."

सगळ्या बायका हसल्या, सूनही हसली. मग कुणीतरी तिच्यापुढे पाणी धरलं. सून म्हणाली, "नको, तहान नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनेला वाटलं, आपलं काय चुकलं? तिच्या मुलखात पाणी एकदाच विचारत. आणि जे उत्तर मिळेल ते खरं धरत, कारण तिथे तहान नसताना पाणी पिणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं काढून घेणं. इथे मात्र त्या दिवशी गल्लीतल्या एकूण एका घरचं पाणी तिच्या पोटात गेलं. संध्याकाळी ती पोट धरून बसली.

गोटू तिच्या आईनं लावलेला होता. आई ती लहान असतानाच गेली. पण आईचं अंगण तिला लख्ख आठवायचं. दक्षिणेच्या भिंतीला लागून एक लांब कट्टा होता आणि त्यावर निवडुंगांच्या कुंड्यांची रांग. दिवाळी सरली की आई पाण्याचा घडा आत उचलून ठेवायची आणि रांगेतून फिरत म्हणायची, "निजा रे बाळांनो." फार गारठा पडला तर संध्याकाळीच त्यांच्यावर गोणपाट टाकायची, सकाळी ऊन आलं की काढायची. बास. होळी होईपर्यंत थेंबभर पाणी नाही. लहानपणी ती आईला म्हणायची, "आई, बघ ना कसे वाळलेत. थोडंसं घालू?" आई म्हणायची, "हिवाळ्यात हात बांधून बसता आलं, तरच चैत्रात फूल बघायला मिळतं, बरं का."

आणि खरंच चैत्र सरता सरता एके सकाळी तो कट्टा फुलायचा. बशीएवढी फुलं, आतून पांढरी आणि कडेला गुलाबी. माध्यान्हीपर्यंत कोमेजून जायची. तेवढ्या एका सकाळसाठी आई वर्षभर थांबायची.

सासरी निघताना वडिलांनी त्या रांगेतली एक कुंडी उचलून तिच्या हातात दिली होती. "तुझ्या आईचा हात लागलेलं एवढंच तुला देतो," असं म्हणाले होते.

दिवाळी झाली, थंडी पडली. सुनेनं गोटूला उन्हाच्या खिडकीत ठेवलं आणि पाणी बंद केलं. गोटू हळूहळू आत ओढल्यासारखा झाला. त्याच्या फाका खोल गेल्या, अंगावर सुरकुत्या पडल्या.

सूनही त्याच दिवसांत गप्प गप्प झाली. माहेराबाहेरचा तिचा तो पहिलाच हिवाळा. सकाळी चुलीपुढे हात शेकताना तिला तिकडच्या बाभळीच्या शेकोटीचा वास आठवायचा.

सासूला काही सुचेना. तिनं मेथीचे लाडू केले, डिंकाचे केले.

"घे गं एक."

"नको, आत्याबाई."

"असं कसं? घे. आणि हा दुसरा. दोन भुवया असतात ना माणसाला? मग लाडूही दोनच."

सून मान खाली घालून खायची. सासूला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि सून आणखीच गप्प व्हायची.

पौष महिन्यात माहेराहून निरोप आला. वडील आता थकले होते, घर आवरून मोठ्या भावाकडे राहायला जाणार होते. लेकीनं एकदा येऊन घर बघून जावं, असं त्यांनी कळवलं होतं.

सुनेला गोटूला बरोबर न्यायचं होतं. पण उघडी गाडी, वाटेतला गारठा, दगडधोंड्यांचा रस्ता. ती कुंडीजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "आत्याबाई, गोटूसाठी एवढंच करा. काहीच करू नका."

"म्हणजे गं काय?"

"ऊन मिळू दे. पाणी मात्र थेंबभरही नको. तो निजलाय. थंडीत अंगात पाणी साठलं की त्याला गारठा बाधतो, आणि मुळाशी ओल राहिली की कुजतो. म्हणून तो स्वतःच सुकून घेतो."

"आणि तहान लागली तर? त्याला का तोंड आहे?"

"शेंड्यावर नवा तांबडा काटा येतो. तो दिसला की समजायचं, जाग आली, आता पाणी मागतोय. तोवर गप्प आहे ना? गप्प म्हणजे नको."

"बरं बाई," सासू म्हणाली. "त्यात काय अवघड आहे? काहीच तर करायचं नाही."

पण बाळांनो, आयुष्यभर जिनं दारातल्या प्रत्येकाला पाणी दिलं, तिला याच्याइतकं अवघड दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी ओसरी झाडताना तिची नजर खिडकीकडे जायची. सुरकुतलेल्या लिंबासारखा गोटू तिच्याकडे बघत बसलाय, असं तिला वाटायचं. ती तांब्या उचलायची आणि परत ठेवायची.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायका जमल्या. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला म्हणत म्हणत त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं.

"हे सुनेचं ते काटेरी बाळ ना? काय दशा झालीय त्याची!"

"सून गाडीत बसली आणि सासूनं झाड वाळवलं," चौकशीकाकू म्हणाल्या. "आता सून आली की तिलाही असंच वाळवणार वाटतं."

"काकू, तिनंच सांगितलंय पाणी घालू नका म्हणून."

"सांगेल नाही तर काय करेल? परक्या घरची पोर. 'माझ्या झाडाला पाणी घाला' असं सासूला सांगायची हिंमत आहे का कुणात? लाजली असेल. तू आपण होऊन घालायचं, बाई! तुझ्या दारात कुत्रं तहानलेलं जात नाही, आणि हा तुझ्या घरात बसून कोरडा?"

ते शेवटचं वाक्य सासूच्या काळजात रुतलं. बायका गेल्यावर ती खिडकीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "गोटू, पाणी हवं का रे?"

गोटू गप्प.

"लाजू नकोस. घे थोडं."

गोटू गप्पच. आणि त्या गावात गप्प राहणाऱ्याला दुप्पट वाढायची रीत होती. सासूनं पाणी चुलीवर जरासं कोमट केलं आणि तांब्याभर कुंडीत ओतलं.

आता गंमत अशी, की दोन दिवसांत गोटू टरारून फुगला. सुरकुत्या गेल्या, अंगावर तकाकी आली. सासूनं हाका मारून सगळ्यांना दाखवलं. "बघा, काकू! तहानेलंच होतं हो लेकरू." आणि ती त्याला रोज पाणी घालायला लागली. एकदा तर त्यात चमचाभर दूधही घातलं.

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सासूनं सकाळी बघितलं तर गोटू एका अंगाला कलला होता. बुडाशी पिवळट तपकिरी झाला होता. तिनं काटे चुकवून बोट लावलं, तर पिकून गेलेल्या चिकूसारखं बोट आत गेलं. आंबूस वास आला.

सासू तिथेच खाली बसली.

चौकशीकाकू धावत आल्या. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांचं डोकं भराभर चालायचं. "उद्या येतेय ना ती? मग कुंडी फोडून टाक आणि मांजरानं पाडलं म्हण. मांजर काय बोलायला येतंय थोडंच?"

"नको," सासू म्हणाली. "मांजराला कशाला बोल लावू? तांब्या माझ्या हातात होता."

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. सुनेनं उतरता उतरता आधी खिडकीकडे बघितलं. खिडकी रिकामी होती. कुंडी सासूच्या हातात होती.

"मी पाणी घातलं गं," सासू म्हणाली. "तू नको म्हणालीस, तरी घातलं. राहवलं नाही मला."

सुनेनं कुंडी घेतली, ओसरीवर बसली आणि विळी मागितली. गोटूला फडक्यात धरून तिनं बुडापासून कापायला सुरुवात केली. एक चकती कापली, तपकिरी निघाली. दुसरी कापली, तिलाही तपकिरी ठिपके. ती कापत राहिली. सासूला बघवेना. शेवटी वरचा मुठीएवढा भाग उरला, तेव्हा कुठे आतला गर स्वच्छ, काकडीसारखा हिरवा दिसला. सुनेनं त्यावर चुलीतली राख लावली, जखम कोरडी होईपर्यंत सावलीत ठेवायचं ठरवलं, आणि कुंडीतली ओली माती फेकून तिच्यात कोरडी वाळू भरली.

"जगेल का गं?" सासूनं विचारलं.

"माहीत नाही. आधी मुळं फुटायला हवीत."

"मी काय करू?"

सून म्हणाली, "काहीच नको." मग विळी धुता धुता, कुणाला सांगितल्यासारखं नाही, नुसतंच म्हणाली, "तिकडे अंगणातला कट्टा रिकामा झालाय. कुंड्या ज्याला हव्या त्यानं नेल्या. आता कट्ट्यावर नुसते गोल डाग राहिलेत."

तेव्हा सासूला कळलं, की आईच्या रांगेतलं या मुलीकडे आता एवढं मुठीएवढंच उरलंय, आणि तेही जगतंय की नाही, ठाऊक नाही.

त्यानंतर सुनेचं बोलणंच थांबलं. कामं करायची, विचारलं तर मान हलवायची. गावाला ही बातमी लागायला वेळ लागला नाही. कुणी शिरा घेऊन आलं, कुणी तिला हसवायला आलं, कुणी म्हणालं दृष्ट काढा. नवरा बिचारा जत्रेतून बांगड्या घेऊन आला. सून सगळ्यांचं सगळं घ्यायची आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची.

एके दुपारी सासूनं तिचं पान वाढलं. गरम भात, वरण. तुपाची वाटी उचलली.

"नको, आत्याबाई."

"थोडं घे."

"नको."

सासूचा हात सवयीनं पुढे गेला. सुनेनं पानावर हात आडवा धरला. सासूची नजर त्या हातावरून खिडकीकडे गेली. तिथे आता, जखम सुकल्यावर, कोरड्या वाळूवर गोटूचं उरलेलं डोकं ठेवलेलं होतं, राख लावलेलं.

तुपाची वाटी तिथल्या तिथे थांबली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

सासूच्या मनात आलं, आपण जन्मभर म्हणतो, आम्ही पाणी विचारतो, आम्ही जेवण विचारतो. पण आपण विचारतो कुठे? विचारणाऱ्याला उत्तर ऐकावं लागतं. आपण तर नुसतं ओतत आलो.

"बरं," ती म्हणाली. तिनं वाटी खाली ठेवली, पानावर ताट झाकलं आणि डाळ निवडायला घेऊन सुनेशेजारी बसली. आणखी काही विचारलं नाही. सुनेनं एकदा वर बघितलं. मग डोळ्यांना पदर लावून ती खूप वेळ रडली. सासू डाळ निवडत राहिली. उठून गेली नाही आणि "रडू नकोस" असंही म्हणाली नाही. ऊन ओसरीवरून खाली उतरलं, तेव्हा सुनेनं आपण होऊन ताट काढलं आणि गार झालेला भात जेवली.

त्यानंतर रोज त्या दोघी दुपारी अशाच बसायच्या. सासू विचारायची नाही, म्हणून सून सांगायला लागली. आधी एखादं वाक्य, मग आईच्या घड्याची गोष्ट, गोणपाटाची गोष्ट, फुलायच्या सकाळी आई सगळ्या गल्लीला कशी उठवायची त्याची गोष्ट. सासूला ते न पाहिलेलं अंगण स्वतःचं असल्यासारखं दिसायला लागलं.

एक दिवस चौकशीकाकू पाण्यानं भरलेला लोटा घेऊन आल्या. "निम्मा तर निम्मा, पण त्या झाडाच्या तोंडात पाण्याचा थेंब नको का? सरका, मी घालते."

सासू खिडकीच्या आडवी उभी राहिली. "काकू, आधी त्याला विचारा."

"घ्या! आणि तो काय म्हणतोय?"

"नको म्हणतोय."

"कधी म्हणाला?"

"गप्प आहे ना? आमच्या घरात आता गप्प म्हणजे नको."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि सगळं गाव तुला काय म्हणेल? पाणी अडवणारी म्हणेल!"

"म्हणू दे," सासू म्हणाली. "पण तुम्ही उन्हातून आलात, काकू. तुम्हाला हवंय का पाणी?"

काकूंनी लोट्यातलं पाणी आपणच पिऊन टाकलं. "लागलीच होती तहान," त्या पुटपुटल्या.

माघ सरला. होळी झाली, रंगपंचमी झाली. सावल्या आखडल्या. एकदा सुनेनं वाळू हळूच बाजूला केली, तर गोटूच्या बुडाशी शेवयांसारखी पांढरी बारीक मुळं दिसली. तिनं वाळू परत सारखी केली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, पण तांब्याला कुणीच हात लावला नाही. शेंडा अजून गप्प होता.

आणि मग एका संध्याकाळी, उकाड्यानं सगळे ओसरीवर बसलेले असताना, सून म्हणाली, "आत्याबाई, तहान लागलीय. पाणी देता?"

त्या घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. सासू अशी लगबगीनं उठली, की तिच्या पायानं तांब्याच कलंडला. तिनं तो पुन्हा भरून आणला. सुनेनं फुलपात्र रिकामं केलं.

"आणखी देऊ?"

"नको."

सासूनं तांब्या खाली ठेवला.

नदीच्या वळणावरच्या त्या गावात पाणी अजूनही विचारतात, पण विचारून झाल्यावर क्षणभर थांबतात. लेकीसुनांना ही गोष्ट सांगताना तिथल्या बायका तात्पर्य असं सांगतात: माया सगळ्यांनाच करता येते, पण "नको" ऐकून थांबते आणि तरीही उठून जात नाही, तीच माया मुळाशी पोचते.

आणि हो, सुनेनं पाणी मागितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोटूच्या शेंड्यावर एक तांबडा काटा दिसला, आणि सासूनं त्याला फुलपात्रभर पाणी घातलं.